‘अँटिबॉडी आठ पटींनी घटल्या’ ही बातमी कशी वाचायची

करोना विषाणूचा नवा व्हेरिएंट (बदललेला प्रकार) आला की काही आठवड्यांत असा मथळा झळकतोच. अँटिबॉडी म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारी रक्तातली प्रथिनं. हे आकडे काढणं हे माझं रोजचं काम. म्हणून आधी एकच सांगते: घाबरण्याआधी त्या पटीमागचे मूळ आकडे शोधा.

आकडा निघतो तो असा. रक्तातलं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव; अँटिबॉडी यातच असतात) ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवायचं आणि दुपटीने पातळ करत न्यायचं: २०ला एक (म्हणजे २० भागांत एक भाग सीरम), ४०ला एक, ८०ला एक. प्रत्येकात सारखाच विषाणू मिसळून तासभर ३७ अंशांवर ठेवायचं, मग ते प्लेटच्या छोट्या खळग्यांतल्या पेशींच्या थरावर ओतायचं. काही दिवसांनी रंग घातला की जिवंत पेशी जांभळ्या दिसतात आणि विषाणूने पेशी मारल्या असतील तिथे गोल, पांढुरके ठिपके उरतात. त्यांना आम्ही प्लाक म्हणतो. नुसत्या विषाणूच्या खळग्यात ६० प्लाक असतील, तर सीरम किती पातळ करेपर्यंत ते ३० च्या आत राहतात, ते बघायचं. पातळ करण्याचा तो आकडा म्हणजेच टायटर; जितका मोठा, तितकं सीरम ताकदवान.

आता गणित करून बघा. टायटर ५१२० वरून ६४० वर आला, आठ पट घट. १६० वरून २० वर आला, तीही आठच पट. पहिल्या माणसाकडे अजून भरपूर साठा आहे; दुसऱ्याचा जवळपास संपलाय. मथळा मात्र दोघांचा एकच. शिवाय चाचणी २०ला एकपासून सुरू होत असेल, तर त्याखालचं काही मोजताच येत नाही. अशा नमुन्यांना बरेचदा १० हा आकडा देऊन टाकतात. बरेच नमुने या तळाला टेकले असतील, तर खरी घट छापलेल्या पटीपेक्षा मोठी असू शकते. आलेखात तळाशी ठिपक्यांची गर्दी दिसतेय का, हे मी सगळ्यात आधी बघते.

मग रक्त कोणाचं आणि कधी घेतलेलं, ते बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन समोर आला तेव्हा त्याच्या स्पाइक प्रथिनात (विषाणू पेशीत शिरायला वापरतो ते पृष्ठभागावरचं प्रथिन) ३० हून जास्त बदल होते. दोन डोस घेतलेल्या अनेकांचं सीरम त्याच्यापुढे फारच कमी पडलं, पण तिसऱ्या डोसनंतर टायटर चांगलाच वर आला. ‘लसीचा उपयोग नाही’ आणि ‘बूस्टर घ्या’ ही दोन्ही वाक्यं एकाच अभ्यासातून उचलता आली असती.

संरक्षण कशापासून, हेही विचारा. संसर्गच होऊ नये यासाठी अँटिबॉडी त्या क्षणी तयार हव्यात. आजार गंभीर व्हायला मात्र काही दिवस लागतात. तेवढ्यात स्मृती बी पेशी (आधीची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी) नव्या अँटिबॉडी बनवू लागतात, आणि टी पेशी (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी) विषाणूच्या प्रथिनांचे जे छोटे तुकडे ओळखतात त्यांतले बरेचसे नव्या व्हेरिएंटमध्येही तसेच राहिलेले असतात. म्हणूनच ओमिक्रॉनच्या लाटेत लस घेतलेल्यांना संसर्ग भरपूर झाला, तरी गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्यामानाने बरंच टिकलं.

मोनोक्लोनल औषधांच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या एकाच प्रकारच्या अँटिबॉडीच्या, बातमीत मात्र पट गांभीर्याने घ्या. तिथे एकच अँटिबॉडी एकाच जागी चिकटते. ती जागा बदलली की खेळ खलास. बेबटेलोविमॅब या अशाच औषधाला अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, आणि बीक्यू.१ व बीक्यू.१.१ हे ओमिक्रॉनचे उपप्रकार पसरल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा वापर थांबवला गेला.

स्वतःची अँटिबॉडी तपासून बूस्टरचा निर्णय घेऊ नका. नेहमीची चाचणी फक्त किती अँटिबॉडी चिकटतात ते मोजते, विषाणू अडतो का ते नाही. आणि तिच्यातलं प्रथिन बहुधा मूळ विषाणूचं असतं. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी रिपोर्ट चांगला आला तरी डोसबद्दल आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.