खाजणातल्या दुर्मीळ झाडांच्या मोजणीला निघण्यापूर्वी

आधी तारीख. ती झाडाचा फुलोरा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक दोन्ही समोर ठेवून काढायची. झाड खाजणाच्या वरच्या अंगाला असेल, तर तिथे पाणी उधाणालाच चढतं, म्हणून अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस धरा. भरतीतही जमीन उघडी राहते. खालच्या अंगाला मात्र पाणी उतरत असतानाच शिरायचं आणि ते वळलं की, काम अर्धं राहिलं तरी, निघायचं. भरती आधी मागच्या ओहोळांत शिरते आणि परतीची वाट तिथेच तुटते. कोष्टक कुठल्या बंदराचं आहे तेही बघा, खाडीत आत पाणी उशिरा पोचतं.

परवानगीचं पत्र आणि जोडीला माणूस हवाच.

पिशवीत मागच्या मोजणीचा नकाशा आणि फोटो सगळ्यात वर. फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, तेवढ्यात लहानसा ताटवा हातचा जातो. मागच्या वेळी रोवलेल्या खुंट्या आणि जुने फोटो जुळवूनच जागा पक्की करा. एक मीटरची घडीची चौकट (जमिनीवर ठेवून तिच्या आतली झाडं मोजायची), टेप, भिंग, पेन्सिल (शाई ओलाव्याने फुटते), क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. उन्हात सुकलेल्या वरच्या चिखलात याहून जास्तही भरतात. गमबूट आदल्या दिवशीच घासून धुवा, तळव्याच्या खाचांतून तणाचं बी जातं.

खरा वेळ नोंदींच्या तक्त्याला द्या. एक झाड कशाला म्हणायचं? जमिनीखालून पसरणाऱ्या जातीत बुंधे मोजण्याला अर्थ नाही, व्याप मोजा. फुलावरची, फळावरची आणि नुसत्या पानांची झाडं वेगळ्या रकान्यांत घ्या. शेजारच्या जातींनाही रकाना हवा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची सॉल्ट मार्श बर्ड्स-बीक, 1978 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत असलेली, अर्धपरोपजीवी आहे. शेजाऱ्यांच्या मुळांतून पाणी आणि पोषण ओढते, त्यामुळे शेजारी कोण हे लिहिल्याशिवाय तिची नोंद लंगडी. शिवाय ती एका हंगामाची. अशा झाडांची संख्या वर्षागणिक भलतीच वरखाली होते आणि बी मातीत पडून असू शकतं. म्हणून ‘शून्य’ हा आकडाही लिहायचा, रकाना कोरा सोडला तर कुणी पाहिलंच नाही असं वाटतं.

चौकटीपर्यंत कुठून चालायचं ते नकाशावर आखून घ्या. रोपं तुडवत मोजणी करणारेही असतात! आणि फोटोंतली ठिकाणाची नोंद, बाहेर कुणाला पाठवण्याआधी, काढून टाका.