सौर कुंपणाचे साहित्य निवडताना या चुका टाळा: वैशाखात अर्थिंग फसते, आषाढात बॅटरी

शेळ्या-गाईंसाठी चराईचा तुकडा सौर विजेवर झटका देणाऱ्या तारेच्या कुंपणाने बंदिस्त करायचा असला की बहुतेक पशुपालक ते काम उन्हाळ्यात काढतात. शेतीची कामे सैल असतात, गवत वाळलेले असते, ऊन भरपूर असते आणि विक्रेता तारेला टेस्टर लावून नऊ-दहा हजार व्होल्टचा आकडा दाखवतो. त्या दिवशी सगळेच ठीक दिसते. अडचण अशी की या कुंपणाची वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि दोन्ही वेळचे विषय वेगळे असतात. वैशाखात जमीन कोरडी पडल्यामुळे अर्थिंग फसते, तर आषाढ-श्रावणात आभाळ दाटल्यामुळे बॅटरी उपाशी राहते आणि वाढलेले गवत तारेतला झटका पिऊन टाकते. ज्याने साहित्य निवडताना यांपैकी एकाच ऋतूचा विचार केला, त्याच्या शेळ्या दुसऱ्या ऋतूत शेजाऱ्याच्या तुरीत सापडतात.

पिकाच्या राखणीचे मशीन जनावरांच्या कुंपणाला

आपल्याकडे बाजारात मिळणारी बरीचशी झटका मशिने (तारेत विजेचे ठोके सोडणारी यंत्रे) रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी बनवलेली असतात. अभयारण्यांलगतच्या गावांमध्ये शासनाच्या जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळू लागल्यावर ही मशिने गावोगावी पोहोचली. त्यांपैकी अनेकांमध्ये अंधार पडल्यावर आपोआप सुरू होण्याची आणि उजाडल्यावर बंद होण्याची सोय असते. रानडुकरासाठी ती सोयीची आहे, परंतु जनावरे दिवसा चरतात. दिवसा तार निर्जीव असल्याचे शेळीला एकदा कळले की ती रात्रीही तारेला जुमानत नाही. म्हणून मशीन चोवीस तास चालू ठेवता येते का, हे सर्वांत आधी पाहावे आणि बॅटरीचा हिशेबही चोवीस तासांचाच धरावा.

दुसरी चूक व्होल्टचा आकडा पाहून मशीन घेण्याची आहे. दुकानात मोजलेले व्होल्टेज मोकळ्या तारेवरचे असते, त्यावर कोणताच भार नसतो. विचारायला हवे ते असे की, ५०० ओहमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) भार असताना मशीन किती व्होल्ट आणि किती जूल (एका ठोक्यातली ऊर्जा) देते. कारण तारेला चिकटलेल्या जनावराची स्थिती साधारण त्या भाराने तपासली जाते. शिवाय पेटीवर छापलेले जूल हे पुष्कळदा आतल्या कपॅसिटरमध्ये (ठोक्याची वीज साठवणाऱ्या भागात) साठणारे असतात आणि तारेपर्यंत येणारे जूल त्याहून कमी असतात. गाईसाठी कुंपणाच्या सर्वांत दूरच्या टोकाला निदान ३,००० व्होल्ट मिळावेत. शेळ्या-मेंढ्यांसाठी ४,००० ते ५,००० व्होल्ट हवेत, कारण केस आणि लोकर हे चांगले विद्युतरोधक असतात. दाट लोकरीच्या दख्खनी मेंढीला पाठीवर तार लागल्याचे जाणवतही नाही. झटका लागायला हवा तो नाकाला, आणि म्हणून व्होल्टेजइतकेच महत्त्व तारेच्या उंचीला आहे. मोठ्या गाईंना ७५ ते ९० सेंटिमीटरवरची एक तार चालू शकते, शेळ्यांना मात्र जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर पहिली तार धरून चार-पाच तारा लागतात.

एक खांब अर्थिंगचा, आणि तोही खडकात

या कुंपणाची वीज मशीनमधून निघते, तारेतून जनावराच्या अंगात शिरते, खुरांवाटे जमिनीत उतरते आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईमार्गे मशीनला परत मिळते. म्हणजे जमीन ही या मंडलातली दुसरी तार आहे. पहिल्या तारेवर हजारो रुपये खर्च करणारे लोक या दुसऱ्या तारेसाठी हातभर लांबीची गंजकी सळई ठोकून मोकळे होतात. झटका बसत नाही म्हणून मग मोठे मशीन आणले जाते. पण परतीची वाटच अरुंद असेल तर दुप्पट जूलही तितकेच अडून राहतात.

साध्या कुंपणासाठीसुद्धा सुमारे दोन मीटर लांबीच्या जस्त चढवलेल्या किमान तीन सळया, एकमेकींपासून तीन-तीन मीटर अंतरावर, एकाच अखंड तारेने जोडलेल्या असाव्यात. सळई जस्ताची आणि तिला जोडणारी तार तांब्याची असे मिश्रण करू नये. ओलाव्यात दोन भिन्न धातूंच्या सांध्यावर गंज वेगाने चढतो आणि वर्षभरात सांधा नावापुरता उरतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरण्याची आपली जुनी पद्धत सुरुवातीला चांगला परिणाम दाखवते, परंतु मीठ सळईच खाते. त्यापेक्षा ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती बरी. जागा निवडताना शेततळ्याच्या बांधाखालचा किंवा पाटाकडेचा, उन्हाळ्यातही दमट राहणारा भाग शोधावा. मात्र घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून दहा मीटर तरी दूर राहावे आणि पाण्याच्या लोखंडी पाइपलाइनलाच अर्थिंग समजू नये, नाहीतर हौदावर पाणी पिणाऱ्या म्हशीला झटके बसू लागतात आणि ती पाणीच सोडते.

अर्थिंग पुरेसे आहे की नाही, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. मशीनपासून निदान शंभर मीटर दूर जाऊन, मशीन बंद असताना, तारेला टेकतील अशा लोखंडी सळया जमिनीत रोवाव्यात. मशीन चालू केल्यावर तारेवरचे व्होल्टेज २,००० च्या खाली येईल इतक्या सळया लावाव्यात. मग अर्थिंगच्या शेवटच्या सळईवर डिजिटल कुंपणमापकाचे टोक धरावे आणि त्याची दुसरी पिन मीटरभर अंतरावर जमिनीत खोचावी. तिथे २०० ते ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर सळया वाढवाव्यात. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये घ्यावी, पावसाळ्यात ती जवळजवळ प्रत्येक कुंपण पास होते.

मुरमाड माळ, कोकणातला जांभा, किंवा उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी जमीन असेल, तर कितीही सळया ठोकल्या तरी शेळीच्या छोट्या कोरड्या खुरातून वीज जमिनीत उतरतच नाही. अशा ठिकाणी एक तार झटक्याची आणि तिच्या शेजारची तार अर्थिंगला जोडलेली, अशी आलटून-पालटून मांडणी करावी. तारांमधून डोके घालणाऱ्या जनावराचा स्पर्श दोन्हींना होतो आणि जमिनीवर अवलंबून राहावे लागत नाही. आपल्या कोरडवाहू भागात मला हीच मांडणी सर्वांत भरवशाची वाटते. तिचा तोटा इतकाच की दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर सगळे कुंपण एकदम बसते, म्हणून तारा ताणलेल्या हव्यात.

सोलर प्लेट मे महिन्याच्या उन्हावर मोजणे

आता दुसऱ्या परीक्षेकडे वळू. समजा मशीन १२ व्होल्टवर सरासरी ०.२१ अँपिअर घेते. चोवीस तासांचा खर्च झाला सुमारे ५ अँपिअर-तास. २० वॉटची सोलर प्लेट भर उन्हात साधारण १.१ अँपिअर देते आणि उन्हाळ्यात पूर्ण क्षमतेचे पाच तास मिळाले तर ५.५ अँपिअर-तास जमा होतात. हिशेब जेमतेम जुळतो आणि विक्रेता त्यावर खूश असतो. पावसाळ्यातल्या झाकोळलेल्या दिवशी पूर्ण क्षमतेचे दोनच तास धरले तर तीच प्लेट २.२ अँपिअर-तास देते, म्हणजे रोज निम्म्याहून अधिक तूट. याच कुंपणाला ५० वॉटची प्लेट लावली असती तर सुमारे २.८ अँपिअरने दोन तासांत ५.६ अँपिअर-तास मिळाले असते आणि श्रावणही निभावला असता. मोठ्या प्लेटचा जादा खर्च एकदाच होतो.

बॅटरीचेही तसेच आहे. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, हे धरले तर चार ढगाळ दिवसांसाठी लागणाऱ्या २० अँपिअर-तासांना ४० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. पेटीत आयती बसवलेली ७ अँपिअर-तासांची बॅटरी, वरच्या हिशेबाने, प्लेटच्या आधाराशिवाय एक दिवसही काढू शकत नाही. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी लावणे ही तर घरोघरची काटकसर. ती बॅटरी क्षणभर प्रचंड प्रवाह देऊन इंजिन सुरू करण्यासाठी बनलेली असते, रोज थोडी थोडी उतरण्यासाठी नव्हे, आणि अशा वापरात ती एखाद्या हंगामातच बसते. रोजच्या उतार-चढावासाठी बनलेली ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर चार्ज कंट्रोलरची (प्लेटकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या उपकरणाची) सेटिंगही तिच्याप्रमाणे बदलून घ्यावी.

कंट्रोलरच्या बाबतीत आणखी एक चूक हल्ली वारंवार दिसते. घराच्या छतावरून उरलेली ७२ सेलची मोठी प्लेट फुकट मिळते, म्हणून ती साध्या, स्वस्त प्रकारच्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली जाते. तिचे उघडे (काहीही न जोडता मोजलेले) व्होल्टेज ४५ च्या आसपास असल्याने स्वस्त कंट्रोलर जळू शकतो, आणि जळला नाही तरी प्लेटची बरीचशी शक्ती वाया जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीला ३६ सेलची प्लेट योग्य. तिचे तोंड दक्षिणेला आणि कल महाराष्ट्राच्या अक्षांशाप्रमाणे सुमारे २० अंश असावा. अगदी सपाट ठेवलेल्या प्लेटवर धूळ आणि बगळ्यांची विष्ठा साचून राहते.

तार, इन्सुलेटर आणि फुकटचा जुगाड

दोन एकरांच्या चौकोनी तुकड्याचा घेर सुमारे ३६० मीटर भरतो. अडीच मिलिमीटर जाडीच्या जस्ती तारेचा रोध किलोमीटरला साधारण ३५ ओहम असतो, म्हणजे या घेराला बारा-तेरा ओहम. प्लॅस्टिकच्या दोऱ्यात ०.२ मिलिमीटरचे स्टीलचे तीन धागे विणलेली स्वस्त पॉलीवायर घेतली तर तिचा रोध मीटरला साडेसात ओहमच्या आसपास जातो आणि त्याच घेराला २,७०० ओहम होतात. जनावराचा भार ५०० ओहमचा धरला, तर झटक्याचा मोठा वाटा तारेतच जिरणार हे उघड आहे. पॉलीवायर वाईट नव्हे; रोज जागा बदलणाऱ्या चराईच्या छोट्या पट्ट्यांसाठी, किंवा मेंढपाळांच्या वाघरीसारखा (जाळीच्या कुंपणासारखा) रात्रीपुरता वाडा करण्यासाठी ती हलकी आणि सोयीची आहे. कायमच्या घेरासाठी जस्ती तारच वापरावी. घेराची दोन्ही टोके एकत्र जोडल्यास दूरच्या टोकाला वीज दोन्ही बाजूंनी पोहोचते. सांधे मात्र नुसते पीळ मारून ठेवू नयेत, क्लॅम्प लावावेत.

मशीनपासून कुंपणापर्यंत आणि फाटकाखालून नेण्यासाठी घरगुती फिटिंगची वायर वापरू नये. तिचे वेष्टन साधारण १,१०० व्होल्टसाठी असते. आठ हजार व्होल्टची वीज त्यातून ओल्या मातीत झिरपते आणि वरून काहीच दिसत नाही. जाड दुहेरी वेष्टनाची कुंपणाची केबलच घ्यावी.

इन्सुलेटर म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले पुष्कळ पाहायला मिळतात. त्या रबरात कार्बनची काजळी असते आणि काजळी वीज वाहून नेते, त्यामुळे ओला खांब आणि ट्यूब मिळून गळतीची छान सोय होते. चिनी मातीचे किंवा उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे इन्सुलेटर घ्यावेत, विशेषतः लोखंडी अँगलच्या खांबांवर.

जिथे चूक जिवावर बेतते

काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये. दचकलेले जनावर मागे सरण्याऐवजी काट्यांत अडकते आणि दर सेकंदाला झटके खात राहते. शिंगे असलेल्या शेळ्यांना विद्युत जाळीतही हाच धोका असतो. एकाच कुंपणाला दोन मशिने जोडू नयेत, कारण दोन्हींचे ठोके मिसळून मधली विश्रांती नाहीशी होते. दोन वेगळ्या कुंपणांच्या तारांमध्ये अडीच मीटर अंतर ठेवावे. तारेत थेट लाइटचा किंवा इन्व्हर्टरचा प्रवाह सोडणे म्हणजे मरणाचा सापळा लावणे आहे. मशीनचा ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो आणि पुढचा ठोका निदान सेकंदाने येतो, म्हणून माणूस किंवा जनावर तारेपासून सुटू शकते. २३० व्होल्टचा सलग प्रवाह सोडत नाही. रस्त्याकडेच्या बाजूला पिवळ्या सूचना-पाट्या लावाव्यात आणि उच्चदाबाच्या वाहिन्यांखालून, त्यांना समांतर, कुंपण नेऊ नये. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात, त्यामुळे तडितरोधक (विजेच्या धक्क्यापासून मशीन वाचवणारे साधन) बसवावा आणि वादळ येताना दिसले तर मशीन तारेपासून सोडवून ठेवावे.

व्होल्टेज पडले, आता कुठे शोधायचे

साधा मल्टिमीटर या तारेला लावू नये, तो जळतो. कुंपणाचा मापक घेऊन मोजमाप उजाडण्यापूर्वी करावे, कारण तेव्हा बॅटरी सर्वांत रिकामी आणि इन्सुलेटर दवाने सर्वांत ओले असतात. मशीन थोडा वेळ बंद करून बॅटरी मोजावी; लेड-ॲसिडसाठी १२.६ म्हणजे भरलेली आणि १२.१ म्हणजे अर्धी. पहाटे सतत १२ च्या खाली दिसत असेल तर दोष प्लेट-बॅटरीच्या हिशेबात आहे, तारेत नव्हे. बॅटरी ठीक असेल तर कुंपण सोडवून फक्त मशीन मोजावे. एकटे मशीन सात-आठ हजार देते आणि कुंपण जोडताच दोन हजारांवर येते, याचा अर्थ गळती बाहेर आहे. घेरात तीन-चार ठिकाणी कट-ऑफ स्विच बसवलेले असतील तर एकेक भाग तोडत पाच मिनिटांत दोषाची बाजू सापडते; नसतील तर सगळा घेर पायी फिरावा लागतो. गवताला टेकणाऱ्या सर्वांत खालच्या तारेला स्वतंत्र स्विच द्यावा, म्हणजे गाजरगवत कापून होईपर्यंत तेवढीच तार बंद ठेवता येते.

रात्री फिरल्यास ठिणगी दिसते आणि टक्-टक् आवाज ऐकू येतो. घरात जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर तो स्टेशन नसलेल्या जागी लावून तारेच्या कडेने चालत जावे. जिथे ठिणगी उडत असते तिथे खरखरीतला ठोका मोठा होतो, आणि बहुधा तिथेच तडकलेला इन्सुलेटर किंवा तारेवर चढलेला वेल हाती लागतो.