तलावाचे स्वयंचलित कव्हर मध्येच अडले तर

जलतरण तलावाचे स्वयंचलित कव्हर अर्ध्यावर थांबले की मोटर जळाली असे गृहीत धरून चावी पुन्हापुन्हा फिरवली जाते, आणि तोवर ठीक असलेली मोटरही त्या नादात खरोखर जळते. कव्हर अडल्यास चावी ताबडतोब सोडावी, तलावात कोणी नाही याची खात्री करावी आणि मुलांना काठापासून दूर ठेवावे. अर्धवट उघडलेल्या कव्हरवर पाय देऊन ते ओढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

मुंबईत, विशेषतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत, पहिला संशय पावसाच्या पाण्यावर घ्यावा. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद कव्हरवर सरासरी 25 मिलिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन 1,250 किलो होते, आणि पावसाळ्यातल्या एका जोरदार सरीत एवढे पाणी सहज साचते. ते तसेच ठेवून कव्हर गुंडाळू लागल्यास सगळा ताण दोऱ्यांवर आणि मोटरवर येतो. म्हणून कव्हरवर ठेवायचा छोटा पंप आधी चालवावा, पाणी उपसून झाल्यावर पंप, त्याची नळी आणि वायर बाजूला करावी आणि मगच चावीला हात लावावा. मे महिन्यात अडचण उलटी असते: टँकरची वाट पाहत सोसायटी तलावाची पातळी खाली जाऊ देते, कव्हरला खालून पाण्याचा आधार उरत नाही आणि ते मध्यभागी झोळीसारखे लोंबते. पातळी स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या, तोंडाच्या साधारण मध्यावर असावी.

यानंतर मुख्य स्विच बंद करून, कव्हर ज्यावर गुंडाळले जाते त्या रोलरच्या खड्ड्यावरचे झाकण उचलावे. माझ्या पाहण्यातल्या जुहूच्या एका बंगल्यात मोटर बदलण्याचे ठरलेही होते. झाकण उघडल्यावर खड्ड्यात गुडघाभर पाणी आणि निचऱ्याच्या जाळीवर गुलमोहराच्या पानांचा भाकरीसारखा घट्ट थर दिसला. मोटर सुदैवाने पाण्याच्या वर बसवलेली होती, म्हणून वाचली. ही जाळी पावसाळ्यात दर आठवड्याला साफ करण्यापलीकडे दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

कव्हर तिरके चालत असेल, तर दोष रुळांत किंवा दोऱ्यांत शोधावा. दोन्ही बाजूंचे रूळ नळीच्या साध्या पाण्याने धुऊन त्यांतील वाळू आणि पाने काढावीत. तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये, कारण त्याला धूळ चिकटून रूळ अधिकच जाम होतात. पुढच्या आडव्या दांड्याची जी बाजू मागे राहते, त्या बाजूची दोरी बहुधा सैल झालेली असते. दांड्याच्या टोकाशी किंवा कप्पीजवळ दोरीचे धागे सुटलेले दिसले, तर गाठ मारून वेळ निभावू नये, कारण ती गाठ कप्पीत अडकते. दोरी बदलणे हाच मार्ग आहे. समुद्रालगतच्या भागात खाऱ्या हवेने कप्प्यांचे बेअरिंग गंजून बसते, म्हणून प्रत्येक कप्पी हाताने फिरवून पाहावी.

एवढे सगळे ठीक असेल, तरच विजेकडे वळावे. मोटर गरम होऊन आपोआप बंद पडली असेल, तर साधारण अर्धा तास थांबल्यावर ती पुन्हा चालू होऊ शकते. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा मोटरला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर गेलेला असू शकतो किंवा यंत्रणा कुठेतरी अडकलेली असते. मोटर फिरते पण रोलर हलत नाही, तेव्हा क्लच किंवा जोडणीची पिन पाहावी लागते. आणि कव्हर एकाच दिशेने चालत असेल, तर लिमिट स्विच (कव्हर टोकाला पोहोचल्यावर मोटर थांबवणारा), रिले (मोटरचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा) किंवा चावीच्या आतील संपर्क तपासावा. गळती ओळखणारा ब्रेकर पडला असेल, तर तो वारंवार वर करू नये आणि त्याला वगळून थेट जोडणी तर कदापि करू नये. पाण्याशेजारी ब्रेकर पडणे याचा अर्थ कुठेतरी वीज झिरपते आहे, आणि ते ठिकाण शोधणे परवानाधारक वायरमनचे काम आहे. त्याला बोलावताना केवळ ‘कव्हर बंद आहे’ असे न सांगता, ते उघडताना अडले की मिटताना, मोटरचा आवाज कसा होता आणि खड्ड्यात पाणी होते का, हे सांगावे. म्हणजे तो योग्य सुटे भाग घेऊनच येईल.