बाळंतपणानंतर वजन उतरवताना या चुका टाळा, बाळ अंगावर पीत असेल तर नक्कीच

बाळ दीड महिन्याचं झालं की घरात दोन विरुद्ध सल्ले एकदमच सुरू होतात. एकीकडून "लाडू संपव, नाहीतर दूध कसं येणार?" आणि दुसरीकडून "पोट अजून तसंच दिसतंय गं." या दोन्हींमध्ये सापडलेली बाळंतीण मग एक तर मिळेल ते खाते, नाहीतर एके दिवशी अचानक जेवणच तोडते. त्रास दोन्हींनी होतो. यातल्या बहुतेक चुका सहज टाळता येतात.

दूध पाजलं की वजन आपोआप उतरतं, असं धरून चालणं

यात थोडं तथ्य आहे. फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं आणि तेवढं दूध तयार करायला आईच्या शरीरातून रोज सुमारे ५०० कॅलरी जातात. पण त्याच वेळी भूकही खवळते. रात्री तीनला बाळाला पाजून झाल्यावर पोटात कसा खड्डा पडतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. त्यात झोपेचे तुकडे झालेले आणि दिवसभर बसून राहणं. म्हणून पाजता पाजता कुणाचं वजन भराभर उतरतं, कुणाचं जागचं हलत नाही, तर कुणाचं चक्क वाढतं. वजन उतरलं नाही म्हणजे दुधात किंवा तुमच्यात काही खोट आहे, असं मुळीच समजू नका.

पहिल्या महिन्यात काट्यावर उभं राहणं

बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो प्रसूतीतच कमी होतात. पण सिझेरियन झालं असेल आणि सलाईन भरपूर लागलं असेल, तर पायांवर सूज राहते आणि काटा काही दिवस वरच दिसतो. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर काट्यावरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. नऊ महिन्यांत चढलेलं वजन उतरायला सहा महिने ते वर्ष लागलं, तर ते अगदी रास्त आहे.

लाडू चालू आणि डाळ बंद

महाराष्ट्रातल्या घरांत सगळ्यात जास्त होणारी चूक ही आहे.

डिंकाच्या लाडवात तुपात तळलेला डिंक, खारीक, खोबरं, गूळ आणि वर पुन्हा तूप असतं. मध्यम आकाराच्या एका लाडवातून सहज २०० कॅलरी मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० कॅलरी जास्तीच्या लागतात. सकाळी दोन लाडू आणि वाटीभर अळिवाची खीर झाली की ते ६०० जवळजवळ नाश्त्यालाच संपतात. त्यानंतर दुपारचा तूपभात, चारचा शिरा आणि रात्रीच्या चहाबरोबरचे टोस्ट थेट वजनात जातात.

पूर्वीच्या बाळंतिणीला सव्वा महिन्यानंतर शेतावर जायचं असे, पाणी भरायचं असे. तिच्यासाठी हा खुराक योग्यच होता, आणि अंगावर मांस नसलेल्या, अशक्त बाईसाठी तो आजही योग्य आहे. पण आधीच वजन जास्त असेल तर लिंबाएवढा एक लाडू पुरे. लाडू कमी केला म्हणून दूध आटत नाही. बाळ जितक्या वेळा नीट ओढून पितं, त्यावर दूध येणं अवलंबून असतं, आणि त्यात रात्रीचं पाजणं फार मोलाचं.

लाडू चालू असताना "वातूळ" म्हणून डाळ, उसळ, कोबी आणि "थंड" म्हणून फळं बंद केली जातात, हे जास्त वाईट. आईच्या आतड्यातला गॅस दुधात उतरत नाही. ज्या मेतकूट-भातावर बाळंतिणीला ठेवतात, त्या मेतकुटातही हरभऱ्याची डाळ असतेच की. वजन उतरवायचं असेल तर आधी साखर, वरचं तूप, बिस्किटं आणि फरसाण कमी करा. वरण, मुगाची उसळ, अंडी, मासे, दही आणि पालेभाजी ताटात राहू द्या. रात्रीच्या भुकेसाठी उशाशी फुटाणे किंवा उकडलेलं अंडं ठेवा. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" हेही ऐकू नका. तहान लागेल तेवढं पाणी प्यायचं.

जेवण एकदम तोडणं

जेवण निम्म्यावर आणलं तरी दूध काही दिवस येत राहतं. शरीर आधी बाळाचं बघतं, आणि झीज आईची होते. आहारतज्ज्ञ साधारणपणे दिवसाला १५०० कॅलरींच्या खाली जाऊ नका असं सांगतात. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त वजनाच्या, दूध पाजणाऱ्या आयांनी बाळ महिन्याचं झाल्यावर आहार आणि व्यायाम सांभाळून आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरवलं. त्यांच्या बाळांची वाढ नीट झाली. तेवढाच वेग ठेवा.

उपवासांचंही तसंच. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याच्या किसाने वजन उतरत नाही, आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास या वर्षी राहू द्यावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शाकाहारी आयांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. आईकडे ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं आणि बाळाची वाढ, मेंदूचा विकासही मागे पडू शकतो. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायला सांगतात. बरं वाटायला लागलं की बऱ्याच जणी त्या सोडून देतात. तसं करू नका.

पाजणं बंद करून डाएट सुरू करणं

अंगावरचं तोडलं की रोजचा ५०० कॅलरींचा खर्च थांबतो. खाणं तेवढंच राहिलं तर वजन उलट चढतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वजनासाठी ती मोडायचं काहीच कारण नाही.

पोट घट्ट बांधणं आणि घाईने पोटाचे व्यायाम

पट्ट्याने किंवा जुन्या लुगड्याने चरबी वितळत नाही. सिझेरियननंतर सैलसर आधार बरा वाटतो, पण आवळून बांधलं तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर दाब येतो. कित्येकदा पोट पुढे दिसतं ते मधले स्नायू फाकल्यामुळे. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून बघा. दोन-अडीच महिन्यांनंतरही दोन बोटांहून जास्त फट लागत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. अशा वेळी उताणं झोपून धड उचलण्याचे किंवा दोन्ही पाय उचलण्याचे व्यायाम केले तर फट वाढू शकते. लघवी रोखतो तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम मात्र लवकर सुरू करता येतो. चालणंही. व्यायामाने दूध नासत नाही. आधी बाळाला पाजून घेतलं की छाती जड वाटत नाही, इतकंच.

चरबी जाळणारी चूर्णं, कडू दुधी भोपळ्याचा रस आणि वजन उतरवणारी इंजेक्शनं यांच्या वाटेला या काळात अजिबात जाऊ नका.

गाडं अडलं तर काय तपासायचं

आधी बाळाकडे बघा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डाएट त्याच दिवशी थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाळ छान आहे, खाणंही ताळ्यावर आहे आणि तरी वजन हलत नाही, अंगात सतत थकवा आणि थंडी असेल, तर टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या. प्रसूतीनंतर काही जणींचं थायरॉइड बिघडतं आणि ते "बाळंतपणाचा थकवा" म्हणून अंगावर काढलं जातं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली केसगळती मात्र बहुतेक वेळा आपोआप थांबते. गरोदरपणात साखर वाढली असेल तर सहा आठवड्यांनी ती पुन्हा तपासायलाच हवी. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतल्यापासून वजन चढलं असेल तर डॉक्टरांशी तांबीबद्दल बोला, पण स्वतःहून काही बंद करू नका.

आणि झोप. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी पाजून झाल्यावर बाळाला ढेकर काढायला, झोपवायला घेतलं, तर आईला सलग तीन-चार तास मिळतात. इतक्यानेही दुसऱ्या दिवशीची गोडाची ओढ कमी होते. सतत रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर वजन बाजूला ठेवा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.