काडीकचरा मातीत परत देताय? मग या चुका टाळा

विकायचं तेवढं विकायचं आणि बाकी जे उगवलं ते सगळं मातीत परत द्यायचं. बोलायला सोपं आहे. कर्बाचं (कार्बनचं) चक्र, अन्नद्रव्यांचं चक्र म्हटलं की सगळे माना डोलावतात. मग महिना-दीड महिन्यानं तक्रार येते, ‘पीक पिवळं पडलंय, काडी गाडून उपयोग काय झाला?’ मी हल्ली एकच विचारतो: गाडल्यापासून पेरणीपर्यंत किती दिवस गेले?

आठ-दहा. दरवेळी आठ-दहाच.

कोरडी काडी गाडून लगेच पेरणं

ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून तपशिलात सांगतो. गव्हाचं काड रोटाव्हेटरनं मातीत घातलं, रान कसं विंचरल्यासारखं दिसत होतं. नवव्या दिवशी मका टोकला. उगवण झकास. तिसऱ्या आठवड्यात मात्र खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या कडेनं पिवळी पडायला लागली. हिरवागार राहिला तो फक्त एक कोपरा, जिथं आधी शेणखताचा ढीग होता. उकरून पाहिलं तर काडी जशीच्या तशी, पिवळी, चकचकीत, वर बुरशीचे पांढरे धागे.

झालं असं, की गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे (नायट्रोजनमागे) साधारण ८० भाग कर्ब असतो. जिवाणूंना खायला लागतं ते जवळपास २४ ला १ या प्रमाणात. कमी पडणारं नत्र ते मातीतून उचलतात. ते वाया जात नाही, जिवाणूंच्या अंगात अडकून राहतं आणि ते मेले की सुटतं. पण पीक तोवर थांबत नाही. मी नत्राचे दोन हप्ते दिले, रान हिरवं झालं, कणसं मात्र खुजीच राहिली.

आता माझी सवय अशी: काडीची कुट्टी करायची, ओलीत गाडायची, वर शेणाचा राडा किंवा थोडा युरिया टाकायचा आणि दीड महिना तरी रानाकडे बघायचं नाही. (सेंद्रियवाल्यांनी राडाच टाकावा. नत्र कुठून आलं याचं जिवाणूंना सोयरसुतक नसतं.) पेरणीआधी दहा ठिकाणी उकरतो. काडी कट्‌कन मोडली तर थांबतो, चिमटीत चुरगळली तर पेरतो. वेळच नसेल तर गाडू नका, वरच आच्छादन म्हणून पसरा. मातीशी संबंध कमी येतो, त्यामुळे नत्राची ओढही कमी होते. पण घाई असलेल्या माणसाला रान स्वच्छ दिसायला हवं असतं, त्याला काय करणार.

ढीग उघड्यावर ठेवणं

पाऊस पडून गेल्यावर खताच्या ढिगाखालून तपकिरी पाणी वाहतं ना, त्यातच तुमचं खत चाललेलं असतं. पालाश (पोटॅश) तर सगळ्यात आधी जातो, कारण तो पेशींत विरघळलेल्या रूपातच असतो. खात्री करायची असेल तर ढिगाच्या उताराच्या बाजूचं गवत बघा, त्याच्याइतकं तरारलेलं पीक तुमच्या रानात आहे का ते सांगा. आणि डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर नत्र अमोनिया होऊन उडतंय. एकानं तो वास मारायला वर चुना पसरलेला मी पाहिलाय! चुन्यानं अमोनिया उलट जास्त सुटतो. वीतभर कोरडा भुसा टाका, वर ताडपत्री घाला. एवढंच.

बाटलीवर भरवसा, ओलाव्याकडे दुर्लक्ष

कल्चरच्या, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंच्या, बाटल्या ओततात आणि ढीग आतून खडखडीत. मूठभर माल दाबून बघा: एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर चिखल, हात कोरडा राहिला तर पाणी मारा. ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापला पाहिजे, नाहीतर तणाचं बी मरत नाही. ७० च्या वर गेला तर कामाचे जिवाणूच मरतात, लगेच वरखाली करा. माझ्याकडे थर्मामीटर आहे, पण मी अजूनही लोखंडी सळई खुपसून हातानंच बघतो.

बाकीच्या, थोडक्यात

गांडुळं तापलेल्या ढिगात सोडू नका, ३५ अंशांपुढे ती टिकत नाहीत.

ताजा बायोचार (काडीकचऱ्याचा कोळसा) तसाच टाकला तर तो आधी स्वतःच नत्र धरून बसतो. स्लरीत (शेणाच्या पातळ राड्यात) भिजवून मग टाका.

‘जाळलं तरी राख खतच की!’ राखेत स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश उरतो, नत्र आणि कर्ब धुरात गेले.

बायोगॅसमधून कर्ब जातो, अन्नद्रव्यं स्लरीत राहतात. ती भर उन्हात पसरून सोडू नका. संध्याकाळी द्या आणि लगेच मातीआड करा.

दरवर्षी फक्त नत्राचा हिशोब धरून शेणखत ओतलं तर स्फुरद साचत जातो. माती तपासा.

बाहेरून आणलेलं गवत किंवा शेण. गवतावर मारलेली क्लोपायरालिड, अमिनोपायरालिड ही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टच्या ढिगातूनही शाबूत बाहेर पडतात. मी दोन कुंड्या भरतो, एकीत ते खत मिसळलेली माती, दुसरीत नुसती माती, आणि दोन्हीत घेवडा लावतो. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली कोवळी पानं पिळवटली, वाटीसारखी वळली, तर ती गाडी मी रानात उतरवतच नाही.