रावेला निघालात? कॉलेजच्या वेळापत्रकाआधी पाऊस बघा

रावे म्हणजे बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांसोबत करायचं प्रात्यक्षिक काम. ती लागली की व्हॉट्सॲपवर पहिले दोन प्रश्न ठरलेले, ग्रुपमध्ये कोण कोण अन् गाव कोणतं. गाव शक्यतो हायवेवरचं पाहिजे, रूमवर राहून अपडाऊन जमलं पाहिजे, रेंज पाहिजे. मी पण लातूरकडचीच, प्रायव्हेट ॲग्री कॉलेजची, त्यामुळं हे सगळं समजून आहे, नावं ठेवत नाही. स्टुडंट रेडी हा कार्यक्रम काय, व्हिलेज अटॅचमेंट काय, केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) अन् ॲग्रो इंडस्ट्री किती आठवडे, हे तुम्हाला ओरिएंटेशनला सांगतातच. मला फक्त एकच गोष्ट नीट सांगायचीय, कारण तिच्यानं आमचं अर्धं खरीप वाया गेलं.

कॉलेज तुमच्या हातात प्रात्यक्षिकांची यादी देतं. आधी सरपंचांची भेट, मग गावाचा सर्व्हे, मग पीआरए (गावकऱ्यांकडूनच गावाची माहिती काढणं), मग माती नमुना, मग बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं), असं एकाखाली एक. ती यादी छापील असते अन् दरवर्षी तीच असते. पाऊस छापील नसतो. आमच्या वर्षी मृगातच आमच्या महसूल मंडळात शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अन् सोयाबीनची शिफारसच अशी आहे की ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, म्हणजे तेवढा झाला की लोक थांबत नाहीत, दोन-चार दिवसांत गाव पेरून मोकळं होतं. आम्ही तोवर परवानगीचं पत्र, फ्लेक्सचं डिझाईन अन् रांगोळीनं गावाचा नकाशा यातच होतो.

मग बीजप्रक्रियेचा दिवस आला. टेबल मांडलं, बुरशीनाशक आहे, रायझोबियम या जिवाणू खताची पाकिटं आहेत, हातमोजे आहेत, बॅनर आहे, फक्त बियाणं नाही. ज्यांच्या ओट्यावर मांडलं होतं त्या काकू म्हणल्या, "लेकरांनो, पेरून आठ दिस झाले की. आता औषध मातीला लावायलाव का?" शेवटी त्यांच्याच डब्यातले मूठभर हरभरे घेऊन त्याला गुलाबी औषध फासलं, फोटो काढला अन् ते हरभरे खड्डा करून पुरले, कारण औषध लागलेलं कोंबडीनं खाल्लं असतं तर वेगळंच प्रकरण झालं असतं. पेपरात बातमी आली, कृषिकन्यांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन. कृषिकन्या म्हणजे आम्ही, शेतकरी म्हणजे त्या काकू अन् शाळा सुटल्यावर थांबलेली पोरं.

फोटो अन् बातमी झाली म्हणजे भागलं असं सीनियर सांगतात, तसं नाहीये. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलनं (बाहेरच्या परीक्षकानं) आमची रोजच्या कामाची डायरी उघडली अन् सरळ विचारलं, गावातली पेरणी कधीची, तुमचं प्रात्यक्षिक कधीचं? दोन्ही तारखा आमच्याच अक्षरात होत्या. बोला आता.

म्हणून सांगते, गाव ठरलं की मे महिन्यातच एक चक्कर मारा, कॉलेज पाठवो न पाठवो. १८ मेला परभणीत कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनाचा खरीप मेळावा असतो, तिथं जा, विद्यापीठाची कृषी दैनंदिनी विकत घ्या, ती तुम्हाला सीनियरच्या पीडीएफपेक्षा जास्त कामाला येते. अन् पहिलं प्रात्यक्षिक उगवण चाचणीचं घ्या, यादीत ते कितव्या नंबरला आहे ते बघू नका. २०२० मध्ये सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात केवढ्या तक्रारी झाल्या होत्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती, त्यामुळं घरचं बियाणं उगवतंय का नाही ही धास्ती प्रत्येक घरात आहे. इथं लोकांना बोलवावं लागत नाही, ते स्वतः पिशवी घेऊन येतात. ओलं पोतं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, पाच-सहा दिवसांनी लोकांसमोर उलगडून मोजायचे. सत्तर किंवा वर निघाले तर नेहमीचं एकरी ३० किलो, थोडे कमी निघाले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवा, फारच कमी निघाले तर ते पेरू नका म्हणून स्पष्ट सांगायचं. यात तुमची जी ओळख होते ती दहा बॅनरनी होत नाही.

मग पेरणीच्या अगदी आधी बीजप्रक्रिया. क्रम पाठ असेलच, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम. पण पुस्तकात वाचून लक्षात येत नाही अशी एक गोष्ट, सोयाबीनचं टरफल लई नाजूक असतं. पाणी जास्त झालं की दाणा फुगून सुरकुततो, अन् जोरात चोळलं की साल निघून हातात येते, ते बी गेलं म्हणून समजा. थोडं थोडं बी ताडपत्रीवर घ्या, हलक्या हातानं खालीवर करा, सावलीत सुकवा. कुणाची अख्खी बॅग एकदम हातात घेऊ नका, ते त्यांचं वर्षाचं बी आहे, तुमचं प्रॅक्टिकल नाही.

माती नमुन्याचंही तेच, खत पडायच्या आधी घ्या, एकदा पेरणीसोबत डीएपी गेलं की तो नमुना कशाचा? निंबोळी अर्काचं तर सगळ्यात हसू येतं. फवारणी असते जुलै-ऑगस्टमध्ये अन् तेव्हा पोरं निंबोळ्या शोधत फिरतात. निंबोळ्या जूनमध्येच कडुलिंबाखाली पडतात, तेव्हाच गोळा करून वाळवून ठेवा. पाच टक्क्यांच्या अर्काला १०० लिटर पाण्यामागं ५ किलो चुरा लागतो, तो रात्रभर भिजवावा लागतो, ऐनवेळी दुकानातली बाटली दाखवून काय उपयोग.

आता घाबरू नका. उशीर झालाच असेल तरी गावात काही ना काही चालूच असतं, तुम्ही यादी खाली ठेवून शेतात गेलात तर दिसतं. २०२२ ला लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली होती, तेव्हापासून जिथं जिथं ओल धरून राहते तिथं लोक बांधाकडं बघत असतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाकडेला टाकायची, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या अन् मिठाच्या पाण्यात टाकायच्या. आमच्या यादीत हे नव्हतंच, तरी आम्ही केलं अन् मार्क त्याचेच मिळाले.

गाईड सर चांगले असतात, मी वाईट बोलत नाही, पण ते येणार गाडीतून, फोटोत उभे राहणार, चहा घेणार अन् जाणार. खरा गुरू कृषी सहायक, आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडं अनेक गावं असतात, डोक्याला ताप असतो, म्हणून पहिल्याच दिवशी सही मागायला जाऊ नका. त्यांच्या शेतीशाळेला हजर राहा, खुर्च्या मांडा, नावं लिहून घ्या. नंतर मंडळाचा पाऊस, पेरणीचं क्षेत्र, कुठल्या शेतात काय आलंय, सगळं तेच सांगतात. अन् सीनियरचा रिपोर्ट आणून गावाचं नाव बदलायचा शॉर्टकट मारणाऱ्यांनो, त्यात पाऊस मागच्या वर्षीचा असतो अन् कधी कधी सरपंच पण मागचाच असतो.

डायरी रोज रात्री लिहा, चार ओळी का होईना. शिक्के मात्र आठवड्याच्या आठवड्याला घ्या, ग्रामसेवकांकडं (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) दोन-तीन गावं असतात, शेवटच्या आठवड्यात सापडत नाहीत.

ॲग्रो इंडस्ट्रीला बहुतेकांना डाळ मिल नाहीतर ऑइल मिल मिळते, लातूरात त्यांना काय तोटा. बरेच जण प्रोसेसचा फ्लोचार्ट काढून घरी येतात. दिवाळीच्या आसपास गेलात तर सोयाबीनच्या आवकीच्या वेळी आडतीवर जाऊन उभं राहा, मॉइश्चर मीटर कसा लावतात ते बघा. हमीभावाला १२ टक्के ओलाव्याचा निकष असतो अन् मीटरवर आकडा त्यापुढं सरकला की शेतकऱ्याचा चेहरा बघा. मिलवाल्यांना उताऱ्याबद्दल (किती डाळ-तेल निघतं), घटीबद्दल (वजन किती घटतं) विचारा, कागदावर नाही सांगत पण चहा पिताना सांगतात. मोबाईल खिशात ठेवूनच विचारा, रेकॉर्डिंग दिसलं की गप्प होतात.