गोव्यातील घरात स्त्रीवादी आणि व्हीगन जगणे कसे आचरावे

व्हीगन होण्याचा, म्हणजे दूध, तूप, मासळी असे प्राण्यांपासून मिळणारे सारे सोडण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्यानेच आधी खवणीवर बसावे. अन्यथा त्या तत्त्वनिष्ठेचा भार घरातील बाईवरच पडतो. खवलेला नारळ कोमट पाण्यात वाटून पिळावा आणि त्या दाट रसात आमसुलांचे पाणी, मिरची व मीठ घालून सोलकढी करावी. खतखते तूरडाळ, भाज्या, नारळ आणि तिरफळांवर उभे असते, पातोळ्या तांदूळ, गूळ व खोबऱ्यावर. त्यामुळे महागड्या बदामाच्या दुधाची गरज, माझ्या मते, नाही. बाजारात मासळी विकणाऱ्या बाईपुढे नाक मुरडू नये. गोव्यात विवाहपूर्व करार नसल्यास मालमत्ता साधारणपणे पती-पत्नीची सामाईक असते, म्हणून पत्नीने प्रत्येक कागद वाचूनच सही करावी.